रोजगार हमीचा परिणाम कसा मोजावा? : तुलनेच्या प्रश्नाची समीक्षा

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनाचा अभ्यास करणाऱ्यांना रोजगार हमी योजनेचा इतिहास नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात झालेला प्रयोग, १९७२-७३ च्या दुष्काळाच्या काळात योजनेला मिळालेले राज्यव्यापी रूप, १९७७ चा महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, २६ जानेवारी १९७९ पासून सुरू झालेली त्याची अंमलबजावणी आणि त्याच कल्पनेच्या आधारे संसदेने २००५ मध्ये केलेला राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा हे टप्पे सर्वपरिचित आहेत. योजनेवर किती रुपये खर्च झाले, किती मनुष्यदिवस काम निघाले, किती पाझर तलाव आणि नाला बांध झाले, याची आकडेवारीही शासकीय अहवालांतून वर्षानुवर्षे प्रसिद्ध होत आली. तथापि एका प्रश्नाचे उत्तर या आकडेवारीत मिळत नाही. ही योजना नसती तर ग्रामीण मजुराची स्थिती कितपत वेगळी राहिली असती?

हा प्रश्न कार्यकारणभावाचा आहे. आर्थिक धोरणांचा कार्यकारण परिणाम कसा मोजावा, या विषयाकडे अर्थशास्त्राने गेल्या तीन-चार दशकांत विशेष लक्ष पुरविले आहे. २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना क्षेत्रीय प्रयोगांच्या पद्धतीसाठी देण्यात आले. २०२१ चे पारितोषिक डेव्हिड कार्ड यांना श्रमबाजाराच्या अनुभवाधिष्ठित अभ्यासासाठी, तर जोशुआ अँग्रिस्ट व गिदो इम्बेन्स यांना कार्यकारण संबंधांच्या विश्लेषणपद्धतीसाठी मिळाले. या पद्धतींचा वापर करून रोजगार हमीचेही अनेक अभ्यास झाले असून त्यांचे निष्कर्ष परस्परांशी सर्वस्वी जुळत नाहीत. प्रस्तुत लेखात यांपैकी काही महत्त्वाच्या अभ्यासांची चिकित्सा केली आहे. कोणत्याही अभ्यासाचे उत्तर त्याने कोणाची तुलना कोणाशी केली यावर अवलंबून असते, आणि रोजगार हमीच्या बाबतीत परिणामाचा मोठा भाग योजनेच्या कामावर कधीही न गेलेल्या मजुरांपर्यंत पोहोचतो. त्यामुळे केवळ लाभार्थींच्या पाहणीवर आधारलेले मूल्यमापन योजनेचे खरे माप घेऊ शकत नाही, असे येथे प्रतिपादन केले आहे.

न घडलेल्या स्थितीशी तुलना

एखाद्या मजुराला योजनेवर काम मिळाले तर त्याचे उत्पन्न किती झाले, हे हजेरीपटावरून कळू शकते. काम मिळाले नसते तर त्याच मजुराचे त्याच महिन्यातील उत्पन्न किती झाले असते, हे मात्र कोणत्याही नोंदवहीत सापडत नाही, कारण ती स्थिती प्रत्यक्षात आलेलीच नसते. या न घडलेल्या स्थितीचा अदमास घेण्यासाठी दुसऱ्या कोणाकडे तरी पाहावे लागते. दुसरा मजूर, दुसरे गाव, दुसरा जिल्हा अथवा तोच मजूर पूर्वीच्या काळातील, यांपैकी काहीतरी निवडावे लागते. परिणाममापनाच्या सर्व पद्धती म्हणजे ही निवड करण्याच्या निरनिराळ्या रीती होत.

ही निवड किती फसवी ठरू शकते, याची दोन उदाहरणे श्रमअर्थशास्त्रात प्रसिद्ध आहेत. ऑर्ली अॅशेनफेल्टर यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतील प्रशिक्षण योजनांचा अभ्यास करताना दाखवून दिले की, प्रशिक्षणास येणाऱ्यांचे उत्पन्न आदल्या वर्षी घसरलेले असते. नोकरी गेल्यामुळे माणूस प्रशिक्षणाकडे वळतो आणि नंतर त्याचे उत्पन्न काही अंशी आपोआपही सावरते. प्रशिक्षणापूर्वीची व नंतरची मिळकत एवढीच ताडून पाहिली, तर हे सावरणे प्रशिक्षणाच्या खाती जमा होते. पुढे रॉबर्ट लालोंद यांनी १९८६ मध्ये एका रोजगार प्रशिक्षण योजनेचा अभ्यास केला. या योजनेत प्रवेश चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे यदृच्छेने दिला गेला होता. त्या प्रयोगाचा निष्कर्ष बाजूला ठेवून, उपलब्ध सर्वेक्षणांतून तुलनेसाठी निवडलेल्या अन्य लोकांशी सांख्यिकी जुळवणी केली असता हाती येणारी उत्तरे प्रायोगिक उत्तरापासून पुष्कळच दूर जातात, असे त्यांना आढळले.

महाराष्ट्रातील वाचकाला हा दोष ओळखीचा वाटेल. रोजगार हमीच्या कामावर मजूर येतो तो पाऊस ओढ देतो तेव्हा, विहिरीचे पाणी आटते तेव्हा, गावातील शेतीकाम संपते तेव्हा. कामावर आलेल्या कुटुंबाची तुलना न आलेल्या कुटुंबाशी केली तर पहिले अधिक गरीब आढळणारच. तो फरक योजनेने निर्माण केलेला नसून त्या फरकामुळेच ते कुटुंब योजनेकडे आलेले असते. उलट दुष्काळी वर्षाची तुलना पुढील सुकाळाच्या वर्षाशी केली, तर पावसाचे श्रेय योजनेला मिळते. कुमुदिनी दांडेकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या परंपरेत केलेल्या प्रारंभीच्या पाहण्यांनी कामावर कोण येते, त्यांत स्त्रिया किती, भूमिहीन किती, हे काळजीपूर्वक नोंदविले. त्या नोंदींचे मोल आजही कमी झालेले नाही. परंतु ‘कोण आले’ या प्रश्नाचे उत्तर ‘काय बदलले’ या प्रश्नाला लागू पडत नाही.

१९८८ ची मजुरीवाढ आणि दोन गावांचा पुरावा

महाराष्ट्राच्या योजनेविषयी झालेल्या कार्यकारण स्वरूपाच्या अभ्यासांत मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी यांचा १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला निबंध महत्त्वाचा आहे. १९८८ च्या मध्यास राज्यातील किमान वेतनात मोठी वाढ झाली आणि रोजगार हमीची मजुरीही त्यानुसार सुमारे दुप्पट झाली. मजुरी वाढल्यावर कामाची मागणी वाढावी, ही साधी अपेक्षा होती. प्रत्यक्षात योजनेवरील उपस्थिती घटली.

या घटीचे दोन अर्थ संभवतात. १९८७ चा दुष्काळ सरून १९८८ मध्ये पाऊस उत्तम झाला, त्यामुळे मजूर शेतीकडे परतले, हा एक अर्थ. मजुरी वाढली तरी त्या प्रमाणात निधी वाढला नाही, म्हणून शासनाने कामे उघडण्यातच हात आखडता घेतला, हा दुसरा अर्थ. पहिला अर्थ खरा असेल तर योजना आपले काम चोख करीत होती. दुसरा खरा असेल तर कायद्याने दिलेली हमी व्यवहारात उरली नव्हती. केवळ आधीचे व नंतरचे आकडे शेजारी मांडून या दोहोंत निवाडा होत नाही. निबंधकारांनी मासिक उपस्थितीतील हंगामी चढउतार आणि इतर घटक यांचा हिशेब करून मजुरीवाढीनंतरची घट त्यांपलीकडची आहे, असे दाखविले, आणि काम मागणाऱ्या सर्वांना काम मिळेनासे झाले, असा निष्कर्ष काढला. मजुराच्या हिताचे म्हणून झालेली दरवाढ हमीच्या मुळावर कशी येऊ शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

दत्त व रॅव्हॅलियन यांनी १९९४ मध्ये दुसरा प्रश्न हाती घेतला. योजनेवर मिळालेली मजुरी ही सर्वच्या सर्व लाभ मानता येत नाही, कारण त्या दिवशी मजूर अन्यत्रही काही कमावू शकला असता. सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व अकोला जिल्ह्यातील कानझरा या गावांतील कुटुंबांनी आपला वेळ कसा घालविला, याच्या तपशीलवार नोंदी इक्रिसॅट या संस्थेने अनेक वर्षे ठेवल्या होत्या. त्यांच्या आधारे निबंधकारांनी बुडालेल्या मिळकतीचा अंदाज केला. योजनेतून मिळालेल्या मजुरीच्या साधारण एक चतुर्थांश इतकीच ही बुडालेली मिळकत होती. योजनेवर गेलेला वेळ बहुतांशी रिकामपणातून आलेला होता, असा याचा अर्थ.

हा अभ्यास नेटका आहे. तथापि त्याच्या रचनेतच एक गृहीतक दडलेले आहे. योजना नसती तरी गावातील शेतमजुरीचा दर तोच राहिला असता, असे त्यात मानले गेले आहे. मजुराच्या दृष्टीने पाहता हे गृहीतक तपासून घेणे अगत्याचे ठरते. बांधावर मजुरीची घासाघीस करणाऱ्या मजुराला सरकारी कामाचा पर्याय असणे आणि नसणे यांत फरक आहे. तो प्रत्यक्ष त्या कामावर गेला नाही, तरी पर्याय असल्याच्या जाणिवेने त्याला मिळणारा दर बदलू शकतो. असे घडत असेल तर योजनेवर गेलेल्या आणि न गेलेल्या मजुरांची तुलना मुळातच निरुपयोगी ठरते, कारण दोघेही एकाच बदललेल्या बाजारात उभे असतात.

जिल्ह्यांची तुलना : २००६ ते २००८

हा पेच सोडविण्याचा मार्ग म्हणजे तुलनेचे एकक बदलणे. व्यक्तीऐवजी संपूर्ण प्रदेश एकक धरला तर बाजारातील बदलही मोजमापात येतो. याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. १ एप्रिल १९९२ रोजी न्यू जर्सी राज्याने किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. डेव्हिड कार्ड व अॅलन क्रूगर यांनी न्यू जर्सी आणि शेजारच्या पूर्व पेनसिल्व्हेनियातील ४१० उपाहारगृहांतील रोजगाराची वाढीपूर्वीची व नंतरची माहिती गोळा केली आणि एका राज्यातील बदलातून दुसऱ्या राज्यातील बदल वजा केला. वेतनवाढीमुळे रोजगार घटल्याचे त्यांना आढळले नाही. १९९४ च्या या निबंधावर पुढे डेव्हिड न्यूमार्क व विल्यम वॉशर यांनी वेतनपटांच्या आधारे आक्षेप घेतला. वाद झाला तरी ‘दोन प्रदेशांतील बदलांचा फरक’ ही रीत रूढ झाली.

भारतात राष्ट्रीय कायद्याच्या टप्प्याटप्प्याने झालेल्या अंमलबजावणीने अशा तुलनेची संधी दिली. २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत, २००७ मध्ये आणखी १३० जिल्ह्यांत आणि १ एप्रिल २००८ पासून उर्वरित ग्रामीण जिल्ह्यांत कायदा लागू झाला. क्लेमाँ इम्बेर व जॉन पॅप यांनी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या माहितीचा उपयोग करून, आधी योजना मिळालेल्या जिल्ह्यांतील बदलाची तुलना ती अद्याप न मिळालेल्या जिल्ह्यांतील बदलाशी केली. त्यांचा निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. पावसाळा वगळता उरलेल्या कोरड्या हंगामात खाजगी नैमित्तिक मजुरीचा दर सुमारे ४.७ टक्क्यांनी वाढला आणि सरकारी कामाने खाजगी कामाचा काही भाग व्यापला, असे त्यांना आढळले. त्यांच्या हिशेबानुसार खाजगी मजुरी वाढल्यामुळे गरिबांना झालेला लाभ, प्रत्यक्ष योजनेवर काम करणाऱ्यांना झालेल्या लाभाच्या तुलनेत मोठा होता. एवढा एक निष्कर्षही लाभार्थीकेंद्रित मूल्यमापनाची चौकट पुरेशी नाही, हे दाखविण्यास पुरेसा आहे.

या रीतीवरही आक्षेप घेता येतात. पहिल्या टप्प्यातील जिल्हे चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. नियोजन आयोगाने २००३ मध्ये तयार केलेल्या मागासलेपणाच्या क्रमवारीचा त्या निवडीला आधार होता आणि त्या क्रमवारीत शेतमजुरीचा दर, शेतीतील दर कामकऱ्यामागील उत्पादन व अनुसूचित जाती-जमातींचे प्रमाण हे निकष होते. म्हणजे मजुरी कमी होती म्हणूनच जिल्हा निवडला गेला. ज्या जिल्ह्यात एखाद्या काळी मजुरी नेहमीपेक्षा खाली गेलेली असते, तेथे ती पुढे काही अंशी स्वभावतःच वर येते. हे वर येणे आणि योजनेमुळे झालेली वाढ वेगळी काढण्यासाठी योजनेपूर्वीच्या काळात दोन्ही गटांतील जिल्हे एकाच गतीने चालत होते, हे दाखवावे लागते.

महाराष्ट्राच्या संदर्भात आणखी एक अडचण उद्भवते. राष्ट्रीय कायदा लागू होण्यापूर्वीच राज्याची स्वतःची रोजगार हमी सर्व जिल्ह्यांत अस्तित्वात होती. त्यामुळे येथे ‘योजना मिळालेला’ आणि ‘न मिळालेला’ जिल्हा हा भेद मुळातच धूसर आहे. एका कायद्याखालून दुसऱ्या कायद्याखाली जाणे, निधीचा स्रोत बदलणे आणि नोंदीची पद्धत बदलणे एवढाच तो बदल होता. देशभरच्या सरासरीतून महाराष्ट्राविषयी निष्कर्ष काढताना हे विसरता कामा नये. ज्या राज्यात योजनेचा जन्म झाला, त्याच राज्यात तिच्या दीर्घकालीन परिणामाचे मोजमाप सर्वांत कठीण व्हावे, ही परिस्थिती खेदाची असली तरी तर्कास धरून आहे. १९७२ नंतर तुलनेसाठी योजनेविना राहिलेला प्रदेश राज्यात उरलाच नाही.

आंध्र प्रदेशातील प्रयोग

यदृच्छेने केलेली निवड आणि प्रदेश हे एकक, या दोन्ही गोष्टी एकत्र आणणारा अभ्यास कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस व संदीप सुखटणकर यांनी केला. तत्कालीन अखंड आंध्र प्रदेशात रोजगार हमीची मजुरी व सामाजिक सुरक्षेची निवृत्तिवेतने बोटांच्या ठशांवर आधारलेल्या स्मार्टकार्डद्वारे देण्याची व्यवस्था सुरू झाली. आठ जिल्ह्यांतील कोणत्या मंडलांत ती आधी सुरू करावी, हे २०१० मध्ये यदृच्छेने ठरविण्यात आले. अभ्यासात १५७ मंडले होती. त्यांपैकी ११२ मंडलांत व्यवस्था आधी आली आणि ४५ मंडले तुलनेसाठी राहिली.

नव्या व्यवस्थेमुळे मजुरी लवकर मिळू लागली व गळती कमी झाली, हे आधीच सिद्ध झाले होते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यापुढचा प्रश्न विचारला गेला. योजना नीट चालू लागल्याने गरीब कुटुंबांच्या एकूण मिळकतीवर काय परिणाम झाला? कुटुंबांची मिळकत १४ टक्क्यांनी वाढली आणि दारिद्र्य २६ टक्क्यांनी घटले, असे आढळले. विशेष म्हणजे मिळकतीतील वाढीपैकी ८६ टक्के वाढ योजनेबाहेरील कमाईतून, म्हणजे खाजगी मजुरीचा दर व खाजगी रोजगार यांच्या वाढीतून आली होती. ज्या गावांत जमीन थोड्या हातांत एकवटलेली होती, तेथे हा लाभ अधिक होता. मोजके जमीनमालक मजुरीचा दर दाबून ठेवू शकत असावेत आणि पर्यायी काम मिळू लागताच त्यांची ही शक्ती कमी होत असावी, या स्पष्टीकरणाशी हा निष्कर्ष सुसंगत आहे.

या अभ्यासाची शेजारधर्माकडे पाहण्याची सावधगिरीही लक्षात घेण्याजोगी आहे. मजूर मंडलाची सीमा ओलांडून कामाला जातात. एका मंडलात मजुरी वाढली की शेजारच्या मंडलातही तिचे पडसाद उमटतात. तुलनेचे मंडलच अशा रीतीने प्रभावित झाले तर दोहोंतील फरक कमी दिसतो आणि परिणाम प्रत्यक्षाहून लहान भासतो. निबंधकारांनी हा शेजारचा प्रभाव हिशेबात घेऊन आपले अंदाज मांडले आहेत.

तीन उत्तरे की तीन प्रश्न?

या दोन अभ्यासांत एक विसंगती उघड दिसते. इम्बेर व पॅप यांच्या मते सरकारी कामाने खाजगी काम मागे सारले, तर आंध्र प्रदेशात खाजगी रोजगार वाढल्याचे आढळले. लॉरा झिमरमन यांनी तिसरी रीत वापरली. मागासलेपणाच्या क्रमवारीतील ज्या रेषेवर पात्र व अपात्र जिल्हे विभागले गेले, त्या रेषेच्या लगतच्या जिल्ह्यांची त्यांनी तुलना केली. त्यांना खाजगी मजुरीवर फारसा परिणाम आढळला नाही. योजनेचे मुख्य कार्य संकटकाळातील आधाराचे आहे, असे त्यांचे मत पडले.

एकाच योजनेविषयी तीन जाणत्या अभ्यासांनी तीन उत्तरे द्यावीत, यावरून ‘आकडेवारीतून काहीही सिद्ध करता येते’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो मोह टाळला पाहिजे. बारकाईने पाहता हे तीन अभ्यास तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. पहिला अभ्यास योजना वर्ष-दोन वर्षे आधी मिळण्याचा सरासरी परिणाम सांगतो. झिमरमन यांचा अभ्यास रेषेलगतच्या, म्हणजे अतिमागास नसलेल्या जिल्ह्यांतील परिणाम सांगतो. आंध्र प्रदेशातील अभ्यास योजना असणे वा नसणे याचा परिणाम सांगतच नाही. आधीपासून चालू असलेली योजना अधिक प्रामाणिकपणे व वेळेवर चालविल्यास काय होते, हे तो सांगतो.

अंमलबजावणीतील तफावत हा यातील निर्णायक मुद्दा आहे. २००९-१० च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या आधारे पूजा दत्ता, रिंकू मुरगई, मार्टिन रॅव्हॅलियन व डॉमिनिक व्हॅन द वॉल यांनी दाखविले की, योजनेवर काम हवे असलेल्या ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे ४४ टक्के कुटुंबांना ते मिळाले नव्हते. ज्या ठिकाणी काम मागूनही मिळत नाही, तेथे मजुराच्या हाती पर्याय आहे असे म्हणता येत नाही. मग तेथे मजुरीचा दर का वाढावा? अशा ठिकाणी ‘परिणाम नाही’ असा निष्कर्ष निघाला, तर तो हमीच्या कल्पनेविषयीचा निष्कर्ष मानावयाचा की हमी न पाळल्याविषयीचा, हे स्पष्ट केले पाहिजे. १९८८ नंतरच्या महाराष्ट्राविषयी रॅव्हॅलियन प्रभृतींनी उपस्थित केलेला प्रश्न वीस वर्षांनी देशपातळीवर पुन्हा उभा राहिला, असे म्हणता येईल.

या तिन्ही पद्धतींना समान असलेली एक मर्यादाही नमूद केली पाहिजे. मजुरी, मिळकत व दिवस यांचे मोजमाप होते. काम मागण्याचा कायदेशीर हक्क मिळाल्याने तहसील कार्यालयात अर्ज घेऊन जाणाऱ्या स्त्रीच्या वागण्यात पडलेला फरक मात्र या कोष्टकांत अत्यल्प उमटतो. त्यासाठी समाजशास्त्राच्या आणि राज्यशास्त्राच्या पद्धतींची जोड आवश्यक आहे.

मोजमाप आणि धोरण

या चर्चेचे महत्त्व केवळ पद्धतिशास्त्रापुरते मर्यादित नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी ‘विकसित भारत – गॅरंटी फॉर रोजगार अँड आजीविका मिशन (ग्रामीण)’ हा नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ करण्यात आले. त्याचबरोबर पेरणी व कापणीच्या ऐन हंगामात वर्षाकाठी एकूण ६० दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याची तरतूद करण्यात आली. रोजगार हमीमुळे ऐन हंगामात शेतीला मजूर मिळत नाहीत, ही तक्रार या तरतुदीमागे आहे.

ही तक्रार म्हणजे एक कार्यकारण विधान आहे आणि त्याची परीक्षा पुराव्यानेच व्हावयास हवी. इम्बेर व पॅप यांना मजुरीवरील परिणाम आढळला तो कोरड्या हंगामात. पावसाळी हंगामात योजनेची कामेच थोडी निघत असल्याने तसा परिणाम ठळकपणे दिसला नाही. त्यामुळे खरिपाच्या हंगामातील मजूरटंचाई योजनेमुळेच निर्माण झाली, या समजुतीला त्या अभ्यासातून फारसा आधार मिळत नाही. परंतु तो अभ्यास २००८ पर्यंतच्या काळाचा आहे. बागायती भागात हंगामाचे गणित निराळे असते. ऊसतोडणी, द्राक्षबागांची छाटणी आणि कांद्याची काढणी ही कामे कोरड्या महिन्यांतच येतात. सबब सोलापूर वा नाशिक जिल्ह्याचे उत्तर गडचिरोलीला लागू पडेल, असे मानता येणार नाही.

मजुरी वाढली हे मान्य केले तरी ती इष्ट की अनिष्ट, हे सांख्यिकी सांगत नाही. मजुरी विकणाऱ्याला तो लाभ आहे आणि मजूर लावणाऱ्याला तो खर्च आहे. मराठवाड्यातील अनेक अल्पभूधारक कुटुंबे एका महिन्यात स्वतःच्या शेतावर मजूर लावतात आणि दुसऱ्या महिन्यात दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जातात. त्यांच्या बाबतीत एकच दरवाढ दोन्ही खाती मांडावी लागते. कोणाचा लाभ अधिक मोलाचा मानावयाचा, हा नैतिक व राजकीय निर्णय आहे. मोजमापाने तो निर्णय डोळसपणे घेता येतो, एवढेच मोजमापाचे कार्य आहे.

महाविद्यालयीन संशोधनाच्या दृष्टीने

महाविद्यालयीन पातळीवर होणाऱ्या रोजगार हमीच्या अभ्यासांचा एक ठरावीक साचा दिसून येतो. एका तालुक्यातील शंभर लाभार्थी निवडावयाचे, प्रश्नावली भरून घ्यावयाची, योजनेपूर्वीचे व नंतरचे उत्पन्न विचारावयाचे, शेकडेवारीची कोष्टके मांडावयाची आणि योजना उपयुक्त ठरल्याचा निष्कर्ष नोंदवावयाचा, असा तो साचा आहे. वरील विवेचनाच्या प्रकाशात पाहता यात तीन दोष आढळतात. काम मागूनही न मिळालेले लोक पाहणीबाहेर राहतात. कामावर न गेलेल्या मजुरांना मिळणारा दर विचारलाच जात नाही. आणि दरम्यानच्या काळात पाऊस, भाव, स्थलांतर यांत झालेला बदल योजनेच्या खाती जमा होतो.

हे दोष दूर करण्यासाठी मोठा निधी वा अवघड गणित लागतेच असे नाही. योजनेची कामे भरपूर निघालेले एक गाव आणि पाऊस, जमीन व बाजारपेठ यांबाबत त्याच्यासारखेच परंतु कामे न निघालेले दुसरे गाव, अशी जोडी निवडता येते. तसे करताना दुसऱ्या गावात कामे का निघाली नाहीत, याची चौकशी प्रथम करावी. ग्रामपंचायतीची उदासीनता हे कारण असेल तर तुलना काहीशी उपयोगी ठरेल, परंतु गावाला कामाची गरजच नव्हती असे आढळल्यास ती जोडी टाकून द्यावी. स्त्री व पुरुष मजुरांचे खाजगी दर महिनावार नोंदवावेत, कारण शासकीय संकेतस्थळावर हजेरीपट खुले झाले तरी बांधावरचा दर तेथे नोंदविला जात नाही. काम मागणाऱ्यांची आणि काम मिळालेल्यांची यादी स्वतंत्र ठेवावी. अशा नोंदी काही वर्षे सातत्याने ठेवल्यास शिरापूर व कानझरा येथील नोंदींप्रमाणे त्या पुढील पिढीतील अभ्यासकांच्याही उपयोगी पडतील. परिसरातील गावांशी नित्य संबंध असणे, ही ग्रामीण महाविद्यालयांची मोठी जमेची बाजू आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या दत्तक गावांत तर हे काम सहज सुरू करता येईल.

समारोप

रोजगार हमीच्या परिणामाविषयीच्या प्रमुख अभ्यासांची चिकित्सा केली असता काही गोष्टी स्पष्ट होतात. लाभार्थी व अलाभार्थी यांची तुलना या योजनेच्या बाबतीत अपुरी आहे, कारण योजना दोघांच्याही मजुरीच्या बाजारावर प्रभाव टाकू शकते. प्रदेश हे एकक धरणाऱ्या अभ्यासांनी हा प्रभाव मोजता येतो, हे दाखविले. आंध्र प्रदेशात तर तो प्रत्यक्ष लाभाच्या कित्येक पट आढळला. परंतु प्रत्येक निष्कर्ष विशिष्ट तुलनेला, विशिष्ट काळाला आणि अंमलबजावणीच्या विशिष्ट दर्जाला बांधलेला असतो. ते बंधन न सांगता केवळ टक्केवारी उद्धृत करणे हा त्या अभ्यासावरही अन्याय होय.

नव्या कायद्याखाली राज्याराज्यांत ऐन हंगामातील बंदीचे दिवस निरनिराळे ठरण्याची शक्यता आहे. शेजारच्या जिल्ह्यांत वा राज्यांत हे दिवस वेगवेगळे असतील तर बंदीचा मजुरीवर व शेतीवर होणारा परिणाम मोजण्याची एक संधी त्यातून निर्माण होईल. त्यासाठी बंदी सुरू होण्यापूर्वीच्या मजुरीदराच्या नोंदी हाती असणे आवश्यक आहे. या नोंदी नंतर मिळविता येणार नाहीत. मजुराच्या आठवणीवर विसंबून मागील वर्षांचे दर लिहून घेण्यापेक्षा चालू हंगामातील दर आजच टिपून ठेवणे अधिक विश्वसनीय ठरेल, आणि या विषयावरील पुढील प्रामाणिक मूल्यमापनाची सुरुवात तेथूनच होऊ शकेल.